अक्काची ओवाळणी

बहिणीसाठी आणलेला मोबाइल मुलानं परवा मला उघडून दाखवला. "भाऊबीजेला ओवाळल्यावर देणार," म्हणाला. डब्यातून नव्या प्लास्टिकचा वास आला आणि मला आमचं मैलूरचं घर आठवलं. तिथं एका दिवाळीत आजारी अक्कासाठी मी टेपरेकॉर्डर आणि एक कोरी कॅसेट आणली होती.

"आत्ताच लाव की रं, माझं गाणं भर," अंथरुणावरून अक्का म्हणाली.

"ओवाळल्याबिगर न्हाई. दोनच दिवस ऱ्हायलेत."

"लई कायदा शिकवायलास!" ती हसली.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी अक्का गेली. साठ मिनिटांची ती कोरी कॅसेट दर भाऊबीजेला मी दोन्ही बाजूंनी ऐकतो. नुसती खरखर असते.

मुलाला म्हटलं, "ओवाळणीपर्यंत थांबू नकोस. आत्ताच दे."