फळ्या लागल्या होत्या

अक्षर चांगलं असणं हा काही गुन्हा नाही, पण मला ते भोवलं. आर्वीच्या वाटेवरच्या आमच्या बाजाराच्या गावात माझं पाट्या-पेन्सिली आणि वह्यांचं दुकान होतं. मध्यप्रदेशातून उचलून आम्हाला मुंबई राज्यात टाकलं, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. व्यापारी मंडळाला चिटणीस हवा होता. खडू कोणाच्या दुकानात असतो आणि अक्षर कोणाचं वाचता येतं, असा विचार झाला, दोन्हीकडून माझंच नाव निघालं. मी तेव्हा तिशीचा, दोन लेकरांचा बाप. मोठेपणा मलाही पाहिजेच होता, उगाच खोटं कशाला सांगू.

चौकात कडुलिंबाखाली मंडळाचा काळा बोर्ड होता. रोज सकाळी त्यावर मी बातम्या लिहायचो. सभा कधी आहे, कापसाचं जिनिंग कोणत्या दिवशी बंद राहील, पुलगावहून छोट्या गाडीनं माल आला की नाही. वजनकाटे तपासणारा साहेब येणार असला तर तेही लिहायचो, जरा आडून, म्हणजे ज्याला समजायचं त्याला समजे. लोक वर्तमानपत्राला नावं ठेवत, पण बोर्डावर लिहिलं म्हणजे झालं. आणि गावात कोणी मेलं की त्याच बोर्डावर मी लिहायचो, ‘आज बाजार बंद.’

ही रीत काकाजींची. काकाजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, किराण्याचे जुने दुकानदार. सारा बाजार त्यांना काकाजीच म्हणे. उंच माणूस, डोक्यावर मळकी टोपी, आवाज असा की या टोकाला खाकरले तर त्या टोकाचा हलवाई कढईखालचा जाळ ओढे. त्यांच्या तरुणपणी त्यांच्या बापाची मयत बाजारातून निघाली होती, तेव्हा दोन्ही बाजूंना खुशाल जिलेब्या तळणं चालू होतं आणि कोणी तरी मिरच्यांचा भाव करत होतं. ते त्यांच्या मनाला फार लागलं. मंडळ निघालं तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट हीच ठरवली. व्यापारी असो, हमाल असो, बांगड्या विकणारी बाई असो, मयत बाजारातून जाईस्तोवर सगळ्यांनी दुकानाच्या फळ्या लावायच्या. तेव्हा लोखंडी शटर कुठली हो? लाकडाच्या लांब फळ्या, प्रत्येकीवर आकडा घातलेला, एकामागून एक खाचेत सरकवायच्या.

एकदा हमालाची मयत गेल्यावर फळ्या काढता काढता ते मला म्हणाले, “चिटनीस, मले हार नको, सभा नको, फोटो तर नकोच. माही मयत जाईन तवा फळ्या लागल्या पायजे. येवढं तू पाहाजो.”

“काकाजी, तुम्ही शंभर वर्षं जगता,” मी म्हणालो.

“ते तू नको सांगू. पाहाशीन का नाई ते सांग.”

मी म्हटलं, पाहीन. चौकात, भर दुपारी, पंधरा माणसांदेखत म्हटलं.

पुढे पोळ्याच्या सुमारास काकाजी तापानं पडले. ताप उतरेना. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, गिरडच्या बाबाला नवस बोलला. डॉक्टर मान हलवून गेले असं बाजारात पसरलं. त्यांना पोटचं पोर नव्हतं, घरात दोघंच, आणि शेतावरचा एक म्हातारा गडी. तो गडी दिवसाला चार शब्द बोलला तर त्यातले दोन बैलाशी.

एका शुक्रवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळीच, तो गडी बुरडाकडे गेला. दोन लांब बांबू घेतले, समोरच्या कुंभाराकडून एक कोरं मडकं घेतलं आणि चालू लागला. आता आमच्याकडं बांबू आणि मडकं बरोबर नेणाऱ्याला काही विचारायची रीत नव्हती. भावही करायचा नाही. त्याच्या घरी काय झालं ते उघडच असे, वरून त्याच्या तोंडून कशाला वदवून घ्यायचं? बुरूड तसाच माझ्या दुकानाशी आला आणि टोपी काढून उभा राहिला. “गेले,” म्हणाला.

मी पण कसला शहाणा! एक माणूस धाडून पाहायचं, ते नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी खडू उचलला आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आपले काकाजी गेले. बाजार बंद.’ खाली रेघही मारली. असं सुबक अक्षर माझं पुन्हा कधी आलं नाही.

घटकाभरात फळ्या लागल्या. भाजीवाल्यांनी टोपल्यांवर पोती टाकली. खेड्यांवरून आलेल्या बैलबंड्या वेशीशीच थांबल्या. हलवायानं कढईखालची लाकडं ओढून पाणी मारलं. एवढा बाजार असा चूप मी कधी पाहिला नव्हता. आम्ही दहा-बारा जण हार घेऊन बाजारामागच्या गल्लीतल्या काकाजींच्या घरी गेलो, तर अंगणात गडी वालाच्या वेलाला मांडव घालत होता, कोऱ्या मडक्यात वेलासाठी पाणी भरलेलं होतं, आणि ओसरीवर काकाजी उशीला टेकून चहा पीत होते.

“या,” ते म्हणाले. “बाजार काऊन चूप हाय आज? कोन मेलं?”

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. हार माझ्याच हातात. शेवटी मीच म्हणालो, “तुम्ही, काकाजी.”

ते आधी माझ्याकडं पाहत राहिले, मग हाराकडं. मग जे हसत सुटले ते खोकला लागेस्तोवर. काकी आतून पदर सावरत आल्या, त्यांना कळलं तेव्हा त्या मात्र हसल्या नाहीत. “मेल्याहो, माह्या कुंकवावर उठले काय तुमी सारे?” म्हणाल्या, आणि मीठमोहऱ्या आणायला आत गेल्या. मग कोणी तरी म्हणालं की मेल्याची खोटी बातमी उठली म्हणजे आयुष्य वाढतं, तेव्हा कुठं त्या जरा निवळल्या.

“साऱ्यायनं लावल्या काय रे फळ्या?” काकाजींनी विचारलं.

“सगळ्यांनी.”

“मले दाखवा.”

आम्ही त्यांना आरामखुर्चीवर बसवून चौघांनी उचललं आणि बाजारात नेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्या लागलेल्या. ओट्या-ओट्यांवर दुकानदार हात बांधून उभे, त्यांना खुर्चीत जिवंत काकाजी दिसले तसा कोणी रामराम करी, कोणी तोंडात बोटं घाली. दुकान आलं की काकाजी मान वळवून पाहत, ते गेलं की पुढचं. हलवायाच्या विझलेल्या कढईशी आले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग एकदम तोच जुना आवाज काढून ओरडले, “उघडा रे दुकानं! अजून हाव मी!” सारा बाजार हसला. मी पण हसलो, आणि मनात म्हटलं, चला, जीव भांड्यात पडला.

पण तो शुक्रवार होता. बंड्या परत गेल्या होत्या, देवळीची गिऱ्हाइकं परत गेली होती, बाजार पुन्हा भरलाच नाही. मंडळाचे उपाध्यक्ष कापडवाले होते, माणूस वाईट नव्हता, पण चिडका. आठवड्यानं सभा झाली. काकाजी घरीच होते. कापडवाल्यांनी ठराव मांडला की चिटणीसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोर्डावर मयत लिहू नये, आणि यापुढं आठवडी बाजाराच्या दिवशी कोणासाठीही बाजार बंद राहू नये. कोणासाठीही. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. चूक माझी, मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? ठराव माझ्याच अक्षरात लिहिला. काकाजींना वाचून दाखवायचं काम माझं होतं. उद्या दाखवू, परवा दाखवू करत मी ते टाळलं. ते खाटेवर पडल्या पडल्या प्रत्येक येणाऱ्याला तो शुक्रवार सांगत होते, कोणत्या दुकानाच्या किती फळ्या ते मोजून सांगत होते. मला धीर झाला नाही.

आणि गावानं माझी हुर्यो केली ती वेगळीच. “काय चिटनीस, आज कोनाले मारलं?” रोज सकाळी बोर्डाशी कोणी ना कोणी हे विचारणारच. शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा विचारलं. घरी बायको म्हणे, “मी झोपली हाव बरं, लिवजा नका.” हसायला मीही हसत असे, पण आतून जळत असे. माणसाला शिवी पचते, हसू पचत नाही.

पौषात काकाजी खरंच गेले. शुक्रवारीच गेले. कापसाचे दिवस, पहाटेपासून बंड्यांची रांग जिनिंगपासून चौकापर्यंत. गडी पुन्हा बुरडाकडे आला, बांबू मागितले. या वेळी बुरडानं रीत मोडून विचारलं, “नक्की काय रे?” तो म्हातारा तिथंच रस्त्यात बसला आणि रडायला लागला.

मी ठरावाप्रमाणे डोळ्यांनी पाहायला गेलो. अंगणात वालाच्या मांडवाला शेंगा लोंबत होत्या. काकी त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. मला पाहून एवढंच म्हणाल्या, “ये बाबू. या खेपेले खरं हाय. आता लिवजो.”

मी चौकात आलो. खडू हातात घेतला. आजूबाजूला पन्नास माणसं. ‘काकाजी गेले’ एवढं लिहिलं तोच मागून कोणी तरी म्हणालं, “पुन्हा?” आणि दुसरा म्हणाला, “मागंच झाला न त्यायचा बंद. एका मानसाले दोन खेपा कुठं रायते?” त्यावर पाच-सात जण हसले. कापडवाले ओट्यावरून म्हणाले, “चिटनीस, मले बी वाईट वाटते. पण ठराव हाय, तुमच्याच अक्षरात हाय.”

मला एकच ओळ लिहायची होती. दोन शब्द, बाजार बंद. मी लिहिले असते तर जुन्या सवयीनं अर्ध्या लोकांनी तरी फळ्या उचलल्या असत्या, आज मला हे पक्कं वाटतं. पण मागचं ते हसणं माझ्या कानात होतं. मी लिहिलं, ‘मयत बारा वाजता,’ आणि खडू खिशात टाकला. भ्यालो मी. दुसरं काही कारण नाही, ठरावबिराव सगळं मागाहूनचं.

दुकानाशी येऊन माझ्या फळ्या तेवढ्या लावल्या. आठ फळ्या. घाईत पाचवी आणि सहावी उलटसुलट झाली, शेवटची बसेचना, ती तशीच टेकवून मी खांदा द्यायला गेलो.

मयत बाजारातून गेली तेव्हा एका हातात माप धरून लोकांनी दुसऱ्या हातानं नमस्कार केला. कोणी दोन पावलं बरोबर आले. कापडवाले तर स्मशानापर्यंत आले, पण दुकान भाच्याच्या हवाली करून. माझ्या खांद्यावर काकाजी होते आणि डावीकडं जिलेबीचा घाणा पडत होता. त्या तुपाचा वास आला आणि मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

संध्याकाळी काकींना भेटायला गेलो. बायका बसलेल्या होत्या. काकींनी विचारलं, “फळ्या लागल्या होत्या काय बाबू?”

“लागल्या होत्या, काकी.”

“साऱ्या?”

“साऱ्या.”

त्यांनी मान हलवली. “बरं झालं,” म्हणाल्या.

चौदावा दिवस उलटला आणि दुसऱ्या सकाळी काकी बाजारात आल्या. चाळीस वर्षं त्या बाई मागच्या गल्लीनं गेल्या-आल्या, बाजाराच्या तोंडी कधी कोणाला दिसल्या नव्हत्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. पहिल्या दुकानापाशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, “तुमी त्यायच्यासाठी बाजार बंद ठेवला. लय उपकार झाले.” मग दुसऱ्या दुकानाशी. मग तिसऱ्या. तेच शब्द, तसेच हात. हलवायाच्या हातातला झारा तसाच राहिला. कापडवाले गादीवरून उठून उभे राहिले. त्यांचे कान लाल झालेले मला समोरून दिसत होते.

माझं दुकान सगळ्यात शेवटी. मला वाटलं होतं धरणी पोटात घेईल तर बरं. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून ही माउली दारोदार आभार मानत फिरत होती, आणि मी काऊंटरमागे पाट्या पुसत होतो. त्या आल्या, उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत.

“काकी,” मी म्हणालो, आणि हातातली पाटी खाली ठेवली.

“तुहे उपकार नाई मानत मी, बाबू,” त्या म्हणाल्या. “बाजार घरामांगंच तर हाय, मले काय आयकू येत नाई? गडी सांगत होता, तू तर खरंच लावल्या होत्या.”

एवढं बोलून त्या मागच्या गल्लीकडं वळल्या. दोन्ही बाजूंची दुकानं उघडी होती, पण त्या गल्लीत शिरेस्तोवर कोणी कशाचा भाव केला नाही. त्या दिवशी मी बोर्डावर काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी खडू आणि सभेची वही कापडवाल्यांच्या ओट्यावर ठेवून घरी गेलो. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.