आबांचं चार इंजिनांचं विमान

माझे सासरे, म्हणजे आबा, तरुणपणी हवाई दलात मेकॅनिक होते. त्यांच्या हाताखालून गेलेलं विमान म्हणजे चार इंजिनांचं बाँबफेकी लिबरेटर. महायुद्ध संपल्यावर परक्यांनी मोडीत टाकलेलं, आपल्या लोकांनी दुरुस्त करून पुन्हा उडवलेलं. नोकरी संपवून आबा सणसरला परतले, द्राक्षबाग लावली आणि विमानाचा विषयच मिटवला. गेल्या वर्षी त्यांची नजर झपाट्यानं गेली. आता उपाय नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "ते इमान परत एकदा बघायचं ऱ्हाऊन गेलं."

मी बारामतीत शाळेत इतिहास शिकवतो. अख्खं महायुद्ध दरवर्षी दोन तासांत उरकतो, तेव्हा त्यातलं एक विमान करायला असा किती वेळ लागणार? "डोळ्यांना दिसत नाही तर हातात देऊ," असं घरात जाहीर करून मी प्रतिकृतीचा संच मागवला.

खोक्यातून प्लॅस्टिकच्या चौकटी निघाल्या आणि त्यांना लटकलेले शेकडो तुकडे. काही तर जिऱ्याएवढे. मी नेलकटर घेऊन बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत एका पंख्याचं पातं उडवलं. बायको दारातून बघत होती.

"अहो, ऊस तोडताय का?"

तिनं आतून द्राक्षाच्या विरळणीची बारीक कात्री आणली. लग्नाआधी ती आबांच्या बागेत घड विरळायची. गच्च भरलेल्या घडातून नेमका नको तो मणी काढायचा आणि शेजारच्याला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, असं ते काम. वीस वर्षं मी त्या बागेची द्राक्षं हादडतोय, पण या हातांकडे कधी नीट बघितलं नव्हतं. ती तुकडा सोडवायची, उजेडात फिरवायची, कड घासायची आणि फुंकर मारून माझ्या पुढ्यात ठेवायची. तुटलेलं पातंही तिनं असं जोडलं की मला ते पुन्हा सापडेना.

रंगकाम मात्र मी हट्टानं माझ्याकडे ठेवलं. आबांचं विमान चांदीसारखं चमकायचं, आणि गेटला दिलेला चंदेरी ऑइलपेंट घरात उरला होता. त्यात सढळ हातानं थिनर ओतला आणि डावा पंख रंगवला. पाच मिनिटांत पंखावर पापडासारख्या सुरकुत्या उठल्या.

"गेट प्लॅस्टिकचं हाय व्हय आपलं?" चिडली की ती माहेरच्या बोलीत शिरते.

मग तिनं तीन दिवस पंख घासला. मी आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांकडून पाण्यात कालवायचा रंग आणला आणि तिच्या देखरेखीखाली पातळ पातळ हात दिले. शनिवारी संध्याकाळी चाकं चिकटवून विमान पाठीवर उलटं वाळत ठेवलं, आणि रविवारी सकाळी बायकोच्या मांडीवर खोकं देऊन मोटारसायकलवर सणसरला निघालो. प्रत्येक गतिरोधकाला तिचा हात माझ्या पाठीत बसत होता.

आबा ओसरीवर होते. मी विमान त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांची बोटं नाकापासून निघाली, एकेका इंजिनाशी थांबली, जाड पोटावरून शेपटाच्या दोन उभ्या फळ्यांवर गेली. चेहऱ्यावर काहीच नाही.

"खाली उभं करा जावईबापू," ते म्हणाले.

मी विमान फरशीवर ठेवलं, हात काढला आणि त्यानं नाक वर करून शेपूट टेकलं. पुन्हा सरळ केलं, पुन्हा तेच. बायकोनं खोक्यातलं माहितीपत्रक काढलं. चिकटवण्याआधी नाकात वजन भरा, असं तिसऱ्या पानावर ठळक छापलं होतं. ते पान मी वाचलंच नव्हतं.

"आवाज कसला आला?" आबांनी विचारलं.

"आबा, ह्यांनी नाकात वजन घातलं न्हाय. शेपटावर बसतंय."

आबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते.

"बसणारच! त्याची खोडच ती. जमिनीवर उभं असताना दोघं-तिघं मागं गेली की नाक वर. आमी शेपटाखाली टेकू लावून ठिवायचो. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी टेकू न लावता मागच्या अंगाला चढलो, माझ्यामागनं आणि दोघं. खालनं साहेब वरडतोय आणि आमी आत घसरगुंडीला! त्येच हाय हे, जावईबापू. अगदी त्येच."

"आबा, हे आमाला कधी सांगितलं न्हाय तुमी!"

"इमान कुठं हुतं जवळ, सांगायला?"

त्यांनी हात लांब करून विमान चाचपलं, सरळ केलं आणि शेपटाखाली स्वतःचा अंगठा लावला. मग त्या घसरगुंडीनंतर साहेबानं काय शिक्षा दिली ते सांगायला लागले. चहा समोर आला, गार झाला, तरी अंगठा तिथंच होता.