लाइन राखायची होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आणि मी काही पोटात गोष्ट ठेवणारी बाई नव्हे — शेजारणीची भाजी करपली तरी संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगून होतं माझं. ही एक गोष्ट तेवढी आत राहिली. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल.

गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा निम्मा उरला, त्यानंतरच्या वर्षांतलं आहे हे. मोबाइल भंडाऱ्यात, तुमसरात आले होते, पण आमच्या सिहोऱ्याकडच्या खेड्यांत रेंज मिळायची ती तलावाच्या पाळीवर चढून, तीही नशीब असेल तर. आमच्या गावात धड चालणारी टेलिफोनची लाइन एकच. एका संस्थेच्या लोकांनी ती लाइन कॉम्प्युटरला जोडली, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर लोखंडी मनोरा उभा केला आणि त्यावरून आवाज इंटरनेटमधून आजूबाजूच्या गावांत पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक गावात एक फोन, कुणाच्या घरी नाहीतर दुकानात. आणि या सगळ्याच्या मध्यभागी, कॉम्प्युटरसमोर, कानाला हेडफोन लावून बसलेली मी. सुनंदा. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली गावातली पहिली मुलगी — किती मिरवायची मी! ओढणीसुद्धा हेडफोनला शोभेल अशी घ्यायची.

खेड्याखेड्यांत आपसात कितीही बोला, अडचण नसे. पण बाहेरगावचा फोन यायचा तो त्या एका लाइनवरूनच, आणि एका वेळी एकच. म्हणून आमची एक रीत ठरली होती. बाहेरून कुणी फोन केला की मी नाव-गाव विचारायची आणि म्हणायची, ठेवा, थोड्या वेळानं पुन्हा लावा, माणूस बोलावते. मग त्या गावच्या फोनवर निरोप द्यायचा. तिथून कुणीतरी शेतात, घरी, तलावावर जाऊन त्या माणसाला घेऊन यायचं. तोवर, आणि दुसरा फोन येईस्तोवर, बाहेरच्या लाइनला कुणीही हात लावायचा नाही. याला आम्ही लाइन राखणं म्हणायचो. उभ्या पिकाची राखण करतात ना, तसंच. माझं खरं काम तेच होतं. बाकीचं कॉम्प्युटर करायचा.

त्या दिवशी दुपारी फोन आला तो वंदनाचा. मी तिला पाहिलेलं नव्हतं, पण तिची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, पार्बतामावशीची ही एकुलती एक लेक. चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवणाऱ्या परजातीच्या मुलाबरोबर निघून गेलेली. बापानं तिचं नाव घरात घ्यायला बंदी केली होती. तो बाप आदल्या हिवाळ्यात वारला, आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा ती फोन करत होती — भिलाईच्या कुठल्याशा बूथवरून. आवाज कसा होता सांगू? दार वाजवावं की नको, असं वाटणाऱ्या माणसासारखा. "मायले बोलवून देता का जी? येईन का ते?" येईल की, म्हटलं. का नाही येणार?

मी टोल्यावरच्या किराणा दुकानात निरोप दिला. भाताच्या रोवणीचे दिवस होते, मावशी कुणाच्या तरी बांधीत गुडघाभर चिखलात असणार. दुकानदार म्हणाला, पोराले धाडतो, पण वेळ लागन.

वेळ लागेल. हे मी ऐकलं, आणि —

बघा, इथे आले की माझी जीभ अडखळते.

नागपूरच्या रेडिओवर दुपारी फर्माइशीचा कार्यक्रम लागायचा. फोन लावायचा, नाव सांगायचं, आवडीचं गाणं सांगायचं. मी कित्येक दिवस तिथं फोन लावत होते आणि तो कधी लागत नव्हता. मला काय हवं होतं? आपलं नाव रेडिओवर यावं. एवढंच हो. कुणी आजारी नव्हतं, कुणाचा जीव अडला नव्हता. त्या दुपारी म्हटलं, मावशी यायला वेळ आहे, एकदाच लावून बघू, नेहमीसारखा एंगेजच असणार.

लागला. पहिल्याच फटक्यात लागला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, ठेवू नका, दोन गाण्यांनंतर तुमचीच पाळी. मी ठेवला नाही. मला माहीत होतं की लाइन अडली आहे, वंदना तिकडून फोन लावत असेल आणि तिला टूंऽ टूंऽ ऐकू येत असेल. माहीत होतं, तरी ठेवला नाही.

आणि मग शेजारचा, गावांशी बोलायचा दुसरा फोन वाजायला लागला, टोल्यावरून. मावशी आली होती. माझ्या अंदाजाच्या कितीतरी आधी, बांधीतून तशीच पळत. तो फोन वाजत राहिला. रेडिओवाली बाई म्हणाली, ताई, मागे आवाज येतोय. मी काय केलं असेल? ओढणी काढली, घडी केली आणि त्या वाजणाऱ्या फोनवर दाबून धरली. एका हातानं ती दाबून, दुसऱ्या हातातल्या फोनमध्ये मी हसत हसत सांगितलं की मी सिहोऱ्याकडून सुनंदा बोलतेय. बाईंनी विचारलं, काय करता? मी म्हटलं, खेड्यापाड्यांतल्या माणसांचे फोन जोडून देते. त्या म्हणाल्या, वा, किती छान काम करता हो तुम्ही.

गाणं लागलं, मी फोन ठेवला. लाइन मोकळी झाली. वंदनाचा फोन काही आला नाही. मावशी दुकानाच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसून होती. मी दुकानदाराला सांगितलं, तिकडून फोनच आला नाही पुन्हा. हे पहिलं खोटं. त्यात थोडं खरंही होतं, म्हणून ते सहज निघालं तोंडातून.

दुसरं खोटं जास्त वाईट आहे.

काही दिवसांनी वंदनानं पुन्हा फोन केला. या वेळी तिनं मायला बोलवा म्हटलं नाही. तिनं आधी विचारलं, "त्या दिशी लय लावला मी. लागतच नोता. माय आली होती का?" किती सोपं होतं! आली होती म्हणायचं. पण मग ती विचारणार, लाइन कुणी अडवली? ती मायला सांगणार, माय दुकानदाराला, दुकानदार संस्थेच्या लोकांना. माझी खुर्ची जाणार, हेडफोन जाणार, गावभर छी थू होणार. हे सगळं माझ्या डोक्यात क्षणात फिरलं, आणि मी म्हणाले — नाही. नाही आली.

आमच्या त्या इंटरनेटच्या फोनवर बोललेलं पोचायला जरा उशीर लागायचा, पण ती बोलत होती बाहेरच्या साध्या लाइनवरून. तरी तिचं "बरं" उशिरानं पोचलं. मग तिनं फोन ठेवला. पुन्हा कधी तिचा फोन आला नाही. तिचा नंबर मी विचारला नव्हता, आणि बूथचा नंबर घेऊन तरी काय केलं असतं?

मावशी मात्र बाजाराला आली की आमच्या दाराशी थांबायची. आत यायची नाही, पाय मळके असतात म्हणायची. नुसती माझ्याकडे बघायची. मी नाही अशी मान हलवायची. ती हसून जायची. पुढे गावोगाव मोबाइलचे मनोरे आले, आमचं काम बंद पडलं, माझं लग्न ठरलं.

लग्नात पार्बतामावशी आली. हळदीच्या अंगानं मी बसलेली, आणि ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या दिशी तुहं गाणं आयकलं होतं मी. दुकानात रेडिओ लागून होता. मस्त बोलून राहिली होती तू." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं! तिचा फोन वाजत होता तेव्हा मी काय करत होते, ते तिनं दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि इतकी वर्षं ती माझ्या दाराशी येऊन हसून जात होती. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. म्हणाली, "मनाले लावून नको घेऊ बाई. लेकरूच होती तू. पोरीले वाटलं असन, लाइन नाही भेटली. करन ते पुन्हा."

करेल ती पुन्हा. एवढ्यावर तिनं मला माफ करून टाकलं होतं. आणि ती का करणार नाही, हे जगात फक्त मला माहीत होतं. तेव्हा तरी सांगायचं ना? मी तिच्या गळ्यात पडून रडले. मांडवातल्या बायका म्हणाल्या, पोरगी सासरी जायची म्हणून रडते. मी त्यांना तसंच समजू दिलं.

मावशी गेली ते मला माहेरी आले असताना कळलं. तेरवीला मी गेले, पंगतीत वाढायला उभी राहिले. एका पानावरच्या बाईला मी विचारलं, भात वाढू का? तिनं वर पाहिलं. मावशीचेच डोळे. म्हणाली, "तुम्ही फोनवाल्या ताई ना जी? आवाजावरून ओळखलं मी." मी हो म्हटलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "तुम्ही तरी बोलवाले धाडलं होतं. मायलेच नोतं याचं. तिचा राग गेलाच नाही मग शेवटलोक."

पंगत बसलेली, मागून वरणाची बादली घेऊन कुणीतरी खोळंबलेलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझे आभार मानत होती.

मी तिच्या पानावर भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेले.