तिसरी भाकरी

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील चिकलठाण्याच्या कंपनीत युनियनचं काम करायचे आणि मुकुंदवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. त्यामुळे गेल्या वर्षी घरूनच काम करायला लागल्यावर सकाळचं स्वयंपाकघर बघून माझं डोकं तापलं, ते त्यांचेच संस्कार म्हणायचे.

साडेआठला आई ज्वारीचं पीठ मळून भाकरी थापायची. वडील शेजारी उभं राहून भाजायचे. तव्यावर पडलेल्या भाकरीला पाणी फिरवायचं, उलटायची, आचेवर फुगवायची.

"पिशोरात भाकरी चौकोनी करतात व्हय?" ते विचारायचे.

"किल्ल्याखालच्या माणसानं बोलू नये. मी आले तवा कुठं तुम्हाला भाकरी कळली."

आईचं माहेर पिशोर, वडील दौलताबादचे. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तरी दोघांचं हेच चालू. मला मात्र एवढंच दिसत होतं की मळणं, थापणं आईकडे आणि वडिलांकडे उलथणं आणि थट्टा.

मी कागद घेतला, वर ठळक लिहिलं, 'समान श्रम, समान विश्रांती', आणि वेळापत्रक आखलं. एक दिवस सगळं स्वयंपाकघर वडिलांचं, दुसऱ्या दिवशी आईचं. फ्रिजवर चिकटवलं.

"सही करा," आई वडिलांना म्हणाली, "नायतर पोरगी दारात मोर्चा आणंल."

त्यांनी खरंच सही केली.

पहिला दिवस वडिलांचा. आई बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसली. तिला शुगर आहे, सकाळी इन्सुलिन घेते, हे मला माहीत होतं. त्यापलीकडे मी कधी विचारलं नव्हतं. नेहमीच्या वेळेला तिनं स्वतःच सुई टोचून घेतली. आत वडिलांची पहिली भाकरी परातीला चिकटली, दुसरी तव्यावर जाताना फाटली. सव्वानऊ झाले तरी ताटं नव्हती. मी दारात उभी होते आणि खूश होते. शिकतील, वाटलं.

"अगं, ऐक," वडील ओरडले, "पिशोरची चौकोनी भाकरी मला पण जमली!"

बाहेरून उत्तर आलं नाही. मी हसले. वडील हसले नाहीत. गॅस बंद करून पिठाच्या हातांनीच ते बाहेर धावले.

आई घामानं भिजली होती. हात थरथरत होते, पेपर खाली पडला होता. काय होतंय विचारलं तर नुसती बघत राहिली.

"साखरेचं पाणी! पटकन!"

मी आणलं. वडिलांनी तिला धरून घोटघोट पाजलं. दहा-पंधरा मिनिटांनी तिची नजर जागेवर आली. गालाला हात लावून ती म्हणाली, "अवो, पीठ लावलं की तोंडाला."

वडील तिथंच जमिनीवर बसले. मग माझ्यावर न चिडता म्हणाले, "तिसरी भाकरी तव्यावर पडली की मी हिला सुई देतो. बाकीच्या होईस्तोर ताटं वाढून होतात, सुईवर उपाशी राहायला नको. अकरा वर्षं झाली, घड्याळ लागलं नाय. अन् ही उलटून बोलली नाय, तर समजायचं शुगर उतरली."

अकरा वर्षं ते तिला रोज डिवचत होते आणि उत्तराकडे कान लावून बसत होते. मी त्याला थट्टा समजत होते.

संध्याकाळी मी फ्रिजवरचा कागद काढायला गेले. आईनं अडवलं. "कागद वाईट नाय. आम्हाला विचारलं नाय, तेवढं चुकलं. मनगट लई दुखतं माझं. मळायचं काम ह्यांच्याकडं लाव." मी वेळापत्रक खोडून तेवढी एकच ओळ लिहिली. समान श्रमावरचा माझा विश्वास ढळलेला नाही, पण कागद लिहिण्याआधी आता मी विचारते.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी पीठ मळलं, आई थापायला लागली. तिसरी भाकरी तव्यावर पडली. वडिलांनी हात धुतले, तिनं न बघताच दंड पुढं केला. सुई टोचून ते परत तव्याकडं वळले, पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"पिशोरात मिठाचा तुटवडा हाय व्हय?"

मी दारात कान लावून उभी राहिले.

"पीठ कुणी मळलंय आज?" आई म्हणाली.