धक्क्यावर न रडलेली नर्मदा

नर्मदामावशी धक्क्यावर कधीच रडली नव्हती.

काल दुपारी ती गेली. आमच्या पाचूबंदरची. हळदीला तुम्ही जिच्या गाण्यावर नाचता, तीच नर्मदा.

गाणं सगळ्यांना पाठ आहे. नवरा वादळात अडकलाय, नर्मदा तीन दिवस धक्क्यावर रडतेय, मग बोट परत येते. तिथे बेंजो सुटतो.

गाणं तिच्या दिराचं, जनार्दनकाकांचं. माझं शिक्षण दहावीपर्यंत, पण शुद्धलेखन बरं. म्हणून यूट्यूबवर व्हिडिओखाली शब्द टाईप करायचं काम काकांनी मला दिलं. खात्री करून घ्यायला मी मावशीकडे गेलो.

ती ओट्यावर बोंबील निवडत होती.

"तीन दिवस कोन रडतं रे? मी बाजारात होते."

"बाजारात?"

"दुसऱ्या बोटींची मासळी आलेली. मी रडते म्हनून ती थांबनार होती? पाटी घेतली नि गेले."

दोन-तीन बोंबील झाल्यावर म्हणाली, "पन एका गिऱ्हाईकाला हाक नाय मारली. कोनाशी भांडले पन नाय. बाजूच्या बायका घाबरल्या."

"आणि बोट आल्याचं कळल्यावर धावलीस?"

"सुरमई अर्धी कापलेली होती. ती टाकून धावू?"

मग म्हणाली, "हे लिव खाली. रडले नाय, बाजारात होते."

मी काकांना विचारलं. ते चिडले.

"तवा सगळी आळी बोलायची, नवरा दर्यात नि ही बाजारात. ती तोंडं बंद करायला गानं केलं मी. तू परत उघडनार?"

मी घाबरलो. लिहिलं नाही.

मावशी दिसली की विचारायची, "लिवलंस?"

"नेटचा प्रॉब्लेम आहे, मावशी."

चार वर्षं नेटचा प्रॉब्लेम.

शेवटी शेवटी ती हसायची. "तुझ्या नेटला भोक पडलंय. आन इथे, शिवून देते."

काल स्मशानातून परतताना काकांना पुन्हा विचारलं.

"लिव," म्हणाले. "आता तिला कोन बोलनार?"

आज सकाळी व्हिडिओखाली लिहिलं. दोनदा तपासलं. इथेही लिहितो.

वादळाच्या त्या तीन दिवसांत नर्मदा बाजारात बसून मासळी विकत होती. गप्प बसून.

उशीर झाला, मावशी. माफ कर.

तुला मनापासून शेवटचा नमस्कार.