दुसरा परिच्छेद

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि सोफा माझा होता.

तर मंडळी, मी मोहसीन तांबोळी. कोथरूडला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. इतकी वर्षं पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेत आलोय. "उतारा दोनदा वाचा, मग पेन उचला. अर्धवट वाचून उत्तर लिहिणाऱ्याला मी भोपळा देतो!" हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. पुढे ते मला फार महागात पडणार आहे.

माझी बायको रुबिना शिकायला कॅनडात गेली, विनिपेगला. शिक्षण झालं, तिथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, कायमचं राहण्याचा परवाना मिळाला, आणि मग तिने मला बोलावून घेण्यासाठी अर्ज केला. याला तिकडे स्पॉन्सर करणं म्हणतात. म्हणजे बायको स्पॉन्सर आणि नवरा... नवरा काय ते तुम्हीच ठरवा. आमच्या खालच्या मजल्यावरचे केळकर काका मला जिन्यात गाठून म्हणाले, "म्हणजे आता शर्टावर 'सौजन्य : रुबिना तांबोळी' असं छापून घ्या."

हसा, हसा. पण आमची अवस्था काय होती माहितीये? कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये मी एकटा. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवायचा. इकडे मी रात्रीचं जेवायचो, तिकडे ती सकाळचा नाश्ता करायची. लग्नानंतर जितके दिवस एकत्र राहिलो, त्याहून जास्त दिवस मी त्या तांब्यासमोर जेवलोय. मला तिच्याबरोबर एका टेबलावर बसून जेवायचं होतं, बस्स. दुसरं काही नको होतं.

आणि एका रविवारी तो मेल आला.

सकाळची बॅच चालू होती. पोरं माना खाली घालून उतारा सोडवत होती. मी फोन उघडला तर पहिल्याच ओळीत शब्द, 'अप्रूव्ह्ड'! आता पुढचं कोण वाचत बसतंय? मी असा ओरडलो की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर खडू घेऊन धावत आले.

"काय झालं? साप?"

"साप नाही हो, व्हिसा!"

तुम्ही म्हणाल, बायकोला फोन नाही केला? केला ना! संध्याकाळी, ती उठल्या उठल्या.

"मेल बघितलास?" तिनेच विचारलं.

"बघितला म्हणजे? वर्गात नाचलो मी!"

"हो ना रे! मला तर रडूच आलं. एकदाचं मंजूर झालं."

"मग बॅगा भरायला घेऊ?"

"भर, भर! आणि जाडे मोजे आण," ती हसत म्हणाली.

आता सांगा, यात माझं कुठे काय चुकलं? मी खरंच विचारत होतो आणि तिला वाटलं, मी नेहमीसारखी थट्टा करतोय. पुणेकराशी लग्न केलं की हा त्रास असतोच. तो सरळ बोलला तरी टोमणा वाटतो.

मग काय विचारता! क्लासचे मालक जोग सर इतके तत्पर, की दोन दिवसांत माझ्या जागी देशमुख मॅडम आल्यासुद्धा. पोरांनी निरोप समारंभ केला. भर उन्हाळ्यात मला लोकरीचा मफलर दिला आणि तो गळ्यात घालूनच भाषण करायला लावलं. घामाघूम होऊन मी काय सांगितलं असेल? "मुलांनो, मी असेन नसेन, पण उतारा पूर्ण वाचा." पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकदोघी रडल्या.

इकडे सोसायटीत तात्यांना बातमी लागली. तात्या आमचे चेअरमन. आमची बिल्डिंग आहे तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांचं शेत होतं, त्यामुळे आम्ही सगळे अजून त्यांच्या शेतातच राहतो असं त्यांना वाटतं.

"सर, एक फोटू द्या. फ्लेक्स लावायचा हाय."

"अहो तात्या, कशाला?"

"कशाला म्हंजे? बिल्डिंगीतलं माणूस परदेशी चाललंय!"

"केळकर काकांची मुलगी गेली तेव्हा नव्हता लावलात."

"तवा मी चेअरमन नव्हतो."

लागला फ्लेक्स गेटवर! 'आमचे लाडके मोहसीन सर यांना कॅनडा प्रवासासाठी हार्दिक शुभेच्छा.' तात्यांचा फोटो दाराएवढा, माझा पासपोर्टाएवढा. म्हणजे विषयाला धरूनच होता म्हणा.

केळकर काकू वर आल्या त्या थालीपिठाची भाजणी घेऊन. चांगला मोठा डबा. "आमच्या मधुराला द्या हो. ती टोरांटोला असते. तुमच्यापासून जवळच असेल ना?"

"काकू, दोन दिवसांचा रस्ता आहे."

"मग एखाद्या शनिवार-रविवारी जाऊन या."

अम्मीने तर माझ्या दंडाला इमामजामिन बांधलं. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर कापडात गुंडाळून नाणं बांधतात, आणि माणूस सुखरूप पोचला की ते गरिबाला देऊन टाकतात. "पोचल्याशिवाय सोडायचं नाही हं बेटा," अम्मीने बजावलं.

एवढं सगळं झाल्यावर मी रुबिनाला विचारलं, "तिकीट कुठल्या तारखेचं काढू?"

तिने हातातला चमचा खाली ठेवला.

"कसलं तिकीट?"

"विमानाचं! रिक्षाने येऊ का?"

"मोहसीन, तू ते बॅगांचं खरंच बोलत होतास? अरे, मंजूर मी झालेय! तुला बोलवायला मी लायक आहे, एवढंच त्यांनी सांगितलंय. तुझा नंबर अजून लागायचाय. तू मेल वाचलास ना?"

"वाचला की."

"पूर्ण? दुसरा परिच्छेद?"

"दुसरा परिच्छेद आहे?"

ती हसली. इतकी हसली की ठसका लागला. मग मी मफलरपासून फ्लेक्सपर्यंत सगळं सांगितलं, तेव्हा ठसका आवरत म्हणाली, "मीही कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवलाय रे तुझ्यासाठी. पण दारावर फ्लेक्स नाही लावला."

खरं सांगतो, तो कप्पा ऐकून वाटलं, आत्ताच्या आत्ता निघावं. आणि फ्लेक्स ऐकून वाटलं, आता खाली उतरूच नये.

खाली जाऊन चार माणसांना खरं सांगायला किती वेळ लागला असता? पण लाज वाटली हो! इंग्रजीचा मास्तर, आणि इंग्रजी मेल वाचता येईना? त्यापेक्षा मी म्हटलं, आपण गेलोच आहोत असं समजू दे सगळ्यांना. काही महिन्यांचा तर प्रश्न!

दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन मी खाली उतरलो. काकूंनी हातावर दही घातलं. तात्यांनी नारळ दिला. सगळी सोसायटी गेटवर येऊन हात हलवत होती. रिक्षावाल्याने खणखणीत आवाजात विचारलं, "एअरपोर्ट ना, साहेब?"

मी खाली वाकून त्याच्या कानात म्हणालो, "मार्केट यार्ड."

मार्केट यार्डात आमच्या अब्बांचा मिरची-हळदीचा गाळा आहे आणि घर तिथून जवळच. अब्बांनी मला बॅगेसकट बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "काय, विनिपेगला मिरचीचा भाव काय चाललाय?"

मग मी तिथेच गाळ्यावर बसायला लागलो. मिरचीच्या खकाण्यापासून वाचायला पोरांचा मफलर नाकाला गुंडाळायचो. कॅनडाचा मफलर कामाला आला बघा! दंडावर नाणं तसंच. अम्मी ते सोडू देईना. आणि बाहेर पडताना ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी चक्क हेल्मेट घालायला लागलो. स्कूटरवरच नाही, भाजी घेतानासुद्धा.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण माझ्या अर्जाला पोलिसांचा दाखला लागणार होता. मी तो रीतसर मागितला. पत्ता कुठला दिला? पासपोर्टवर आहे तोच. कर्वेनगरचा!

एका सकाळी फोन वाजला.

"मोहसीन तांबोळी का? मी चौकीचा हवालदार बोलतोय. पत्त्याच्या चौकशीसाठी तुमच्या बिल्डिंगखाली उभा आहे. तुम्ही कुठे आहात?"

"इथेच... म्हणजे जवळच."

"इथे हे काका म्हणतायत तुम्ही कॅनडात आहात. गेटवर बोर्डसुद्धा आहे तुमचा. मग मी काय लिहू, अर्जदार पत्त्यावर राहत नाही?"

आता तुम्हीच विचार करा! असं लिहून गेलं असतं तर दाखला गेला, दाखला गेला की अर्ज लटकला, आणि तिकडे विनिपेगला तो कप्पा रिकामाच राहिला. मी ओरडलो, "साहेब, हलू नका! आलोच!"

डोक्यावर हेल्मेट, नाकावर मफलर, अंगभर मिरचीची पूड. मी कसा पोचलो ते माझं मला ठाऊक नाही. गेटपाशी अर्धी सोसायटी जमली होती. केळकर काका हवालदारांना ठासून सांगत होते, "अहो, मी स्वतः साक्षीदार आहे. माझ्या बायकोने त्यांच्या हातावर दही घातलं. तो माणूस गेला!"

"गेला म्हणजे?" हवालदार दचकले.

"कॅनडाला हो."

तेवढ्यात तात्यांनी मला बघितलं. "ए, कोन हाय रे तू? हेल्मेट घालून सोसायटीत शिरतो? चोरबीर हाय का काय? काढ ते!"

काढलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं होतं, पण सगळ्यांना वाटलं पश्चात्तापाचं.

केळकर काकांनी घड्याळाकडे बघितलं. "लवकर आलात. वाटेत ट्रॅफिक नव्हतं वाटतं?"

मी सगळं सांगून टाकलं. मेल, पहिला परिच्छेद, दुसरा परिच्छेद, मार्केट यार्ड, सगळं. हवालदार वहीत तोंड घालून हसत होते. शेवटी कसेबसे म्हणाले, "ठीक आहे. हे इथेच राहतात असं दोन शेजाऱ्यांनी लिहून द्या."

"मी देणार नाही," काका म्हणाले. "मी लेखी खोटं देत नाही."

"अहो काका, खोटं कसलं? मी समोर उभा आहे!"

"ते मला दिसतंय. पण आत्ताच मी साहेबांना तुम्ही कॅनडात आहात म्हणून सांगितलंय. माझ्या शब्दाला काही किंमत?"

तेव्हा काकू पुढे आल्या. "अहो, सही करा मुकाट्याने! ती पोर तिकडे वाट बघतेय. आपली मधुरा एकटी होती तेव्हा रोज रडायची ते विसरलात?"

काकांनी सही केली. दुसरी तात्यांनी केली, फ्लेक्सवर असते तेवढीच मोठी.

मी काकूंचे आभार मानायला गेलो. तर काकूच म्हणाल्या, "राहू दे हो. पण माझी भाजणी? ती तरी मधुराला पाठवलीत का?"

डबा कधीच संपला होता. अब्बांना थालीपीठ फार आवडतं.

असो! मी पुन्हा फ्लॅटवर राहायला आलो. क्लासमध्येही परत घेतलं, पण खालच्या वर्गाला. वरचे वर्ग आता देशमुख मॅडमकडे. त्यांनी पुढच्याच चाचणीत उतारा घातला, 'एका शिक्षकाला एक मेल येतो'. प्रश्न पहिला, 'मंजुरी नक्की कोणाला मिळाली?' म्हणे एकाही पोराचं उत्तर चुकलं नाही. माझ्याच हाताखाली तयार झालेली पोरं, चुकतील कशी?

आणि मंडळी, महिन्यांमागून महिने गेले आणि तो दिवस उजाडला. मेल आला! या वेळी मी ओरडलो नाही. खाली बसलो, पाणी प्यायलो आणि चार वेळा वाचला. माझंच नाव होतं. मलाच मंजुरी होती! तरी खात्री म्हणून केळकर काकांकडे गेलो आणि तिथूनच काकूंच्या फोनवरून रुबिनाला व्हिडिओ कॉल लावला.

"काका, चार वेळा वाचलाय. या वेळी नक्की!"

काकांनी माझा फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि सावकाश वाचत गेले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "छान. पासपोर्ट पाठवलात का?"

"कसला पासपोर्ट?"

"शिक्का मारायला पासपोर्ट पाठवा, मुदतीच्या आत, असं लिहिलंय."

"कुठे?"

काकांनी फोन माझ्यापुढे धरून खाली बोट ठेवलं. उत्तर विनिपेगहून आलं. रुबिनाने कपाळावर हात मारून घेतला होता. "अल्ला! मोहसीन, पहिलाच परिच्छेद चार वेळा वाचलास?"

पासपोर्ट गेला आणि शिक्का मारून परतही आला, काळजी करू नका. तिकीटही आलंय, ते तिनेच काढलं. दंडावरचं नाणं आता विनिपेगलाच सुटेल. काकूंची नवी भाजणी बॅगेत आहे, आणि मधुराचा डबा घेतानाचा फोटो पाठवायची मला शपथ घातली आहे. तांब्या मात्र मी अम्मीकडे ठेवून जाणार.

काल संध्याकाळी क्लासवरून येतो तर गेटवर फ्लेक्स! जुनाच. तात्यांनी इतके महिने तो त्यांचे कांदे झाकायला वापरला होता, वास येत होता. पण खाली एक नवी पट्टी चिकटवली होती, 'या वेळी नक्की!'

आणि त्या पट्टीच्या खाली, मार्करने, केळकर काकांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती.

'दुसरा परिच्छेद आम्ही वाचला आहे.'