इन्व्हेस्ट केलेलं लुगडं

इन्व्हेस्ट या शब्दाची मला शिसारी आहे. महाडच्या हायस्कुलात इंग्रजीच्या मास्तरांनी त्याचं मूळ सांगितलं: लॅटिनमध्ये म्हणे अंगावर वस्त्र घालणं. पूर्वी कुणाला अधिकार द्यायचा तर झगा चढवत. पुढे व्यापारी नफ्यासाठी पैसा मालात घालू लागले, तेव्हा पैशालाच नवा झगा चढवला म्हणायचे, आणि तेवढाच अर्थ चालू राहिला. मास्तर खुशीत होते. मी मात्र वही मिटली, कारण हा शब्द मी आधीच चुलत्याच्या तोंडून ऐकला होता.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. वडील आणि चुलता मुंबईत एकाच खोलीत राहायचे. त्या शिमग्याला वडलांना रजा मिळाली नाही, म्हणून आईच्या लुगड्याचे पैसे त्यांनी चुलत्याकडे दिले आणि तसा निरोप आधीच धाडला. आईचं एकुलतं लुगडं ठिगळांवर तगून होतं. ग्रामदेवीची पालखी दारात येणार, तिची ओटी फाटक्यात कशी भरायची, याचाच तिला घोर.

चुलता आला तो टेरिलीनच्या शर्टात, हात हलवत.

"भावजी, लुगडं?"

"पैसं इन्व्हेस्ट केलं, वैनी."

"म्हंजे?"

"कामाला लावलं. दुप्पट व्हतील. तुला नाय कळायचं त्यातलं."

कसलं काम नि कसलं काय. मटक्याच्या आकड्यावर लावून बसला होता, हे त्याच्याच सोबत्यांनी सांगितलं. आणि वर तोंड करून आमच्याच पडवीत कोंबडीच्या रश्श्यावर ताव मारत होता मेला. त्याची ती बोटं चाटणं आठवलं की आजही किळस येते. शेजारीण आपलं लुगडं देत होती, ते आईनं घेतलं नाही.

पालखी आली. खांदा देणाऱ्यांच्या पायांवर घरच्या बाईनं पाणी घालायचं, आणि ज्याच्या पायावर ते पडलं नाही त्यानं पालखी पुढे न्यायची नाही, ही आमच्या वाडीची रीत. आई गुडघ्याशी उसवलेल्या त्याच लुगड्यात अंगणात आली, सगळ्या गावासमोर. मी लाजून खाली बघितलं. तिनं देवीची ओटी भरली, मग तांब्या घेऊन एकेकाच्या पायावर पाणी घातलं. पुढच्या दांडीला चुलता होता. त्याच्यापाशी ती थांबली, वळली आणि उरलेलं पाणी तुळशीत ओतलं.

"घाल की, वैनी," तो हळूच म्हणाला.

"पानी संपलं, भावजी."

गुरवानं काही न विचारता, पायावर पाणी पडलेल्या एका बदली खांदेकऱ्याला खुणावलं. चुलत्यानं खांदा काढला, आणि पालखी त्याच्यावाचून पुढच्या घरी गेली.